देवघरापाशी दिसलेली जाऊ

१

पडदा बाजूला सारला आणि चंद्राबाईंचा दिवा धरलेला हात तसाच हवेत राहिला.

आदल्या दिवशी हैबतरावांचं तेरावं उरकलं होतं. हैबतराव म्हणजे चंद्राबाईंचे चुलत दीर, घोटावडे गावातच दोन घरं पलीकडे राहणारे. भावकीतलं सुतक, त्यामुळे या घरातही इतके दिवस ना दिवा ना फूल. देवघरावर पडदा ओढलेला. आज सकाळी फरशी धुतली, गोमूत्र शिंपडलं आणि सगळे देवघरासमोर जमले. कोनाड्यात पितळेची अन्नपूर्णा होती, बाळकृष्ण होता, घंटा होती. मधला पाट मात्र रिकामा. कुळाच्या देवांचे चांदीचे पाच टाक, बोटाएवढ्या उंचीचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे हात लागून नाकडोळे झिजलेले, जागेवर नव्हते.

"आई, तुम्हीच ठेवले होते ना अमावास्येला?" धाकटी सून दिशा म्हणाली.

"ठिवले न्हाईत तर काय! घासले, धुतले, गंध लावून जाग्याव ठिवले. हात जोडले आन मग फोन वाजला, हैबतभाऊजी गेल्याचा."

थोरली सून रेश्मा मागे उभी होती, चार वर्षांच्या शर्वीचा हात धरून. रिकामा पाट पाहून तिला जे वाटलं ती नुसती भीती नव्हती, हे तिचं तिला कळलं.

दसऱ्याला चंद्राबाईंनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. पोरांची घरं वेगळी झाली की टाक दिशाकडे जातील, कुळाचार तिच्या चुलीवर होईल. रिवाजाप्रमाणे टाक थोरल्याकडे जायचे. पण दिशाला सगळ्या आरत्या पाठ, कुठल्या देवाला कुठला नैवेद्य ते पाठ, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर भावकीतल्या साठ माणसांची नाती पाठ. रेश्मा सात वर्षांनंतरही दुसऱ्या कडव्याला अडखळायची. "तिच्या डोस्क्यात ऱ्हातं," चंद्राबाई म्हणाल्या होत्या. एवढंच. पण ते वाक्य रेश्माच्या डोक्यात बरोबर राहिलं होतं. त्यात भर म्हणजे शर्वी. आईनं दहा हाका मारल्या तरी न येणारी पोर काकूच्या एका हाकेला पळत जायची.

"घरात तेरा दिवस लोकांची रीघ होती," रेश्माचा नवरा अमोल म्हणाला. "कुणाकुणावर संशय घ्यायचा?"

रेश्माच्या तोंडून शब्द निघून गेले.

"त्या दिवशी तुम्ही सगळे हैबतकाकांकडे धावलात ना, मी शर्वीचं स्वेटर घ्यायला परत आले होते. घरात दिशा होती. देवघरापाशी."

२

वरच्या मजल्यावर गौतमी भाड्यानं राहायची. पिरंगुटच्या बाजूला एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. चाळिशीची, एकटी, बोलण्यात सावकाश. खालचा आरडाओरडा ऐकून ती जिन्यात आली, तर चंद्राबाईंनी तिला हातानं खाली ओढलंच.

"बाई, तुमी मानसाच्या डोस्क्याचंच शिकिवता न्हवं? मग सांगा आता, कुनाच्या डोस्क्यात काय हाय त्ये."

"तसं दिसत नसतं हो आतलं," गौतमी हसली. मग दिशाकडे बघून तिचं हसू मावळलं.

दिशा भिंतीला टेकून बसली होती. तिचा नवरा अनिकेत दाराशी उभा राहून तिच्याकडे बघत नव्हता. सकाळपासून त्यानं एकच वाक्य चार वेळा म्हटलं होतं, "वहिनी खोटं कशाला बोलतील?" त्याला उत्तर म्हणून दिशानं माहेरी, नेऱ्याला, भावाला फोन लावला. उद्या दुपारी गाडी घेऊन ये. जिथं नवराच चोर समजतो, तिथं राहायचं नाही.

"उद्या ही गेली की संपलं," अनिकेत गौतमीला म्हणाला. "तिचा स्वभाव मला म्हायतीय. परत यायची न्हाई."

"मग उद्या दुपारपर्यंत वेळ आहे," गौतमी म्हणाली. "तोवर पोलीस नको. मला एकेकाशी बोलू द्या. आणि एकमेकांना विचारत बसू नका. विचारलं की आठवण बदलते."

"अशी कशी बदलंल?" अमोलनं विचारलं. "बघितलेलं बघितलेलं असतं."

"नसतं. आपण प्रत्येक वेळी नव्यानं जुळवतो ते. जुळवताना हाताशी जे सापडेल ते लागतं."

रेश्मा स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिला बाईंचा राग आला. डोळ्यांनी पाहिलेलं असताना हे काय जुळवाजुळवीचं बोलणं! आणि सगळ्यांआधी ही बाई दिशाच्याच शेजारी जाऊन बसली, हेही तिच्या नजरेतून सुटलं नाही.

३

"मी पडदा ओढायला परत आले होते," दिशानं सांगितलं. "सुतक पडलं, देवघर उघडं. आईंना रडण्यात भान नव्हतं. मी आले, पडदा ओढला, गेले."

"टाक होते तेव्हा?"

"बघितलं नाही. सुतकात देवाकडं बघत नाहीत, मॅडम. मान खाली घालून ओढला."

"म्हणजे टाक होते, हे तुला सांगता येत नाही."

"नाही येत." तिनं नाक पुसलं. "तेवढं तरी खोटं बोलायला हवं होतं, नाही?"

अमोलला गौतमीनं अमावास्येची सकाळ सुरुवातीपासून सांगायला लावली. काय ऐकू आलं, पायात काय होतं, कोण कुठं बसलं होतं, सगळं.

"पायात चप्पल न्हवती. मी पुढं गाडी धूत होतो. आईचा हंबरडा ऐकून मागच्या अंगणात पळालो. आई धुण्याच्या दगडापाशी खाली बसलेली. मोबाईल मातीत. तिला उठवली तर माझ्या शर्टाला चिंच लागली तिच्या हाताची. मीच तांब्यानं हात धुतले तिचे, आन घिऊन गेलो."

"आणि आज सकाळी, रेश्मानं सांगितल्यावर तू तिला काय विचारलंस?"

"हातात काय होतं का, असं."

"तेव्हा ती काय म्हणाली?"

"पहिल्यांदा म्हणाली, लक्षात न्हाई. मग मी म्हटलं, फडक्यात गुंडाळलेलं काय होतं का बघ. तेव्हा आठवलं तिला. लाल फडकं."

अनिकेतची गोष्ट आणखी पुढची होती. त्यानं गौतमी खाली येण्याआधीच वहिनीला पुन्हा विचारलं होतं, टाक दिसले का? वहिनी म्हणाल्या, व्हय, मांडीवर फडकं, फडक्यात टाक. समई तेवत होती, त्या उजेडात चांदी चमकलेली बघितली.

गौतमीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि अधोरेखित केलं. मग चंद्राबाईंकडे गेली.

"टाक पाटावर ठेवल्याचं नीट आठवतं?"

"बाई, चव्वेचाळीस वर्सं दर आवसंला घासते. चिंचंनं घासायचे, पान्यानं धुवायचे, पंच्यानं पुसायचे, गंध, फूल, हात जोडायचे. इसरंन व्हय?"

"तसं नाही. त्या एका अमावास्येचं विचारतेय. फूल कुठलं वाहिलंत?"

चंद्राबाईंनी देवघराकडे पाहिलं.

"जास्वंदच आसंल," त्या म्हणाल्या. "जास्वंदच असतीय."

रेश्मा हे सगळं येता-जाता टिपत होती. आता आपली पाळी येणार, हे तिला ठाऊक होतं. पण गौतमीनं येताच विचारलं ते भलतंच.

"रेश्मा, टाक तू घेतलेस?"

४

रेश्माच्या हातातली पळी खाली पडली.

"मी? मी सांगितलं म्हणून मीच?"

"टाक दिशाकडे जाणार याचं दुःख या घरात फक्त तुला आहे. कुणीही हेच विचारेल. उद्या ती गेल्यावर तर नक्की विचारतील." गौतमीनं पळी उचलून कट्ट्यावर ठेवली. "मला विचारशील तर तू घेतले नाहीस. तू खोटंही बोलत नाहीस. म्हणून तर जास्त अवघड आहे. चल, त्या दिवशी कुठं उभी होतीस ते दाखव."

रेश्मा तावातावानं स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. "इथं. पुढं गेलेच नाही. स्वेटर इथं खुंटीला होतं."

गौतमी समोरच्या भिंतीकडे गेली आणि देवघरापुढे मांडी घालून बसली. "आता मी दिशा. बोल, काय दिसलं?"

"खाली बसली होती. चंद्रकोर लावलेली. गालावर समईचा उजेड. मांडीवर लाल फडकं आणि त्यात..."

तिनं नीट पाहिलं.

समोर गौतमीची पाठ होती. पाठ आणि वेणी. मांडी दिसत नव्हती. कपाळ तर नाहीच.

"माझी चंद्रकोर दिसते?" गौतमीनं मागे न वळता विचारलं.

"तिनं मागं वळून बघितलं असेल."

"मांडीही वळवली? आणि सुतक पडल्यावर समई कुणी लावली, रेश्मा? सकाळी लावली म्हणावी तर त्या दिवशी आईंची पूजाच झाली का, याची मला शंका आहे."

रेश्मानं डोळे मिटले. चित्र होतं. स्पष्ट होतं. दिशाच्या हिरव्या काठाच्या साडीचा रंगसुद्धा होता.

"तुमच्या घराच्या ग्रुपवर दसऱ्याचा फोटो आहे," गौतमी म्हणाली. "मला अनिकेतनं दाखवला. देवघराच्या बाजूनं काढलाय, दिशा समोरून दिसते. चंद्रकोर, समई, मांडीवर लाल फडकं, टाक. किती वेळा बघितलास तो फोटो?"

किती वेळा! रेश्माला हसूच आलं, वाईट तऱ्हेचं. फोटो आला त्या दिवशी खाली एकवीस अंगठे होते आणि नणंदेनं लिहिलं होतं, 'घराची लक्ष्मी शोभते.' शर्वीला झोपवताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, बसथांब्यावर, ती तो फोटो उघडायची. दोन बोटांनी मोठा करायची. दिशाचा चेहरा, मग हात, मग टाक. कुठं काही खोट सापडते का बघायची. नंतर नंतर फोटो उघडावाही लागत नसे.

"पण मी बघितलं," ती पुटपुटली. "आत्ताही दिसतंय मला."

"दिसणारच. खरी आठवण आणि अशी आठवण, आतून सारखीच दिसतात. तू त्या सकाळी तिला एक क्षण पाहिलंस, घाईत, पोरीला थंडी वाजते या काळजीत. तेवढ्यानं नोंद पुसटच होणार. मग अमोलनं विचारलं, फडकं होतं का? तुझ्या मनानं शोधलं आणि सगळ्यात वर जो फोटो होता, तोच हाती आला."

बाहेर अंगणात शर्वी दिशाच्या मांडीवर बसून तिच्या बांगड्या मोजत होती. रेश्माचा जीव त्याही वेळी जळला.

"हे तुम्ही सगळ्यांना सांगणार?"

"नाही," गौतमी म्हणाली. "ते मी सांगून काय उपयोग? पाहिलं तू आहेस."

५

दुसऱ्या दिवशी बारा वाजता निरंजन, दिशाचा भाऊ, गाडी घेऊन आला. पाणीही न पिता उभा राहिला.

"बॅग कुठाय?" त्यानं बहिणीला विचारलं. मग अनिकेतला म्हणाला, "दाजी, सामान आम्ही नंतर नेऊ. आज फक्त माणूस नेतो."

"निरंजन, बस तर जरा."

"कशाला? अजून काय हरवलंय का बघायला?"

चंद्राबाई सोप्यावर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. अमोल जमिनीकडे बघत होता. दिशा सासूच्या पाया पडली, उठली. शर्वी तिच्या बॅगेला लोंबकळत "काकू, मी पण" म्हणून भोकाड पसरत होती.

रेश्मा दारात उभी होती. गप्प राहिलं तर सगळं आपोआप होणार होतं. शर्वी आठ दिवस रडेल, मग आईकडेच येईल. कुळाचार थोरलीकडे येईल. टाक नसले तर नवे करून घेता येतात. तिला काही करायचं नव्हतं, काही बोलायचंही नव्हतं. आणि डोळे मिटले की चित्र तिच्या बाजूनं साक्ष द्यायला तयारच होतं. चंद्रकोर, समई, लाल फडकं.

पण आता त्या चित्राखाली एकवीस अंगठेही दिसत होते.

"थांबा," ती म्हणाली.

कुणी थांबलं नाही. निरंजननं डिकी उघडली.

"अहो थांबा! मी बघितलं नव्हतं!"

आता सगळे थांबले.

"दिशाच्या हातात टाक होते, फडकं होतं, हे मी बघितलं नव्हतं. ते फोटोतलं आहे, दसऱ्याच्या. माझ्या डोक्यात दोन्ही एक झालं. मी मुद्दाम नाही केलं." तिनं दिशाकडे पाहिलं. "पण मला ते खरं वाटायला बरं वाटत होतं. ते मात्र माझंच."

अमोलनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू सात वर्षांत पहिल्यांदा बघतोय. "रेश्मे, तुला कळतंय का काय बोलतीयस?"

"कळतंय."

"मग टाक गेले कुटं?" चंद्राबाई उठल्या. "हिनं न्हाईत, तिनं न्हाईत. देव काय चालत ग्येले?"

"नाही," जिन्यातून गौतमी म्हणाली. तिच्या हातात चिंचेचा गोळा होता. "तुम्ही घेऊन गेलात, आई."

६

"मला खुळं ठरिवता?"

"मुळीच नाही. अमोलनं तुमच्या हाताची चिंच धुतली. तुम्ही म्हणता गंध लावलं, फूल वाहिलं, हात जोडले, मग फोन आला. चिंचेच्या हातानं गंध लावलंत?"

चंद्राबाई आपल्या तळहातांकडे बघू लागल्या.

"चव्वेचाळीस वर्षं तुम्ही शेवटी टाक पाटावरच ठेवलेत. त्या दिवशीचं शेवटचं आठवेना, तिथं मनानं रोजचं भरलं. प्रत्यक्षात घासणं चालू असताना फोन आला. टाक तुमच्या हातात होते आणि सुतक पडलं. मग तुम्ही काय केलंत? ते तुमच्यात कुठंतरी आहे. इथं सोप्यावर बसून सापडणार नाही. जिथं घडलं तिथं जाऊ या."

मागच्या अंगणात चंद्राबाईंना धुण्याच्या दगडापाशी बसवलं. पायाखाली तोच गोणपाट, शेजारी तोच तांब्या, एक पंचा. टाकांऐवजी पाच चमचे.

"चमच्यास्नी देव म्हनायचं व्हय आता?" त्या कुरकुरल्या. "या वयात नाटक करायला लावली बाईनं."

पण चिंच हाताला लागली तशी त्यांची बोटं आपोआप फिरू लागली. पाठ वाकली. ओठ पुटपुटू लागले. निरंजनसुद्धा गाडीची किल्ली हातात धरून बघत राहिला. गौतमीनं खूण केली आणि अमोलनं आपल्या मोबाईलवरून आईला फोन लावला.

रिंग वाजली. चंद्राबाई दचकल्या. चिंचेच्याच बोटानं फोन कानाला लावला. पलीकडून कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. त्यांचा चेहरा बदलत गेला. फोन हातातून सुटला. त्यांनी चमचे पंच्यात गोळा केले, छातीशी धरले आणि ताडकन उठून घराकडे निघाल्या. मागच्या दाराच्या उंबऱ्यापाशी पाय थबकले.

"आत न्हाई," त्या कुणाला तरी म्हणाल्या. "सुतक पडलं. पाटाला हात न्हाई लावायचा."

त्या डावीकडे वळल्या. कोठीची खोली. तिथं निळा प्लॅस्टिकचा पिंप होता, इंद्रायणी भाताच्या बियाण्याचा, पेरणीपर्यंत कुणी उघडत नसे. चंद्राबाईंनी झाकण काढलं, वर टाकलेला कडुलिंबाचा पाला बाजूला केला आणि हात कोपरापर्यंत भातात घातला.

हात तिथंच राहिला.

"आगं बाई," त्या म्हणाल्या.

बाहेर आला तो पंचाच होता, दुसरा, वाळून कडक झालेला. आत पाच टाक. चिंच सुकून काळी पडलेली, त्यावर भाताचे दाणे चिकटलेले.

"सासूनं केलं हुतं असं. एकदाच. माझं लग्न हून चार म्हैने झालं हुतं. देव बाहीर आसताना सुतक पडलं तर बियान्यात ठिवायचे, म्हनली. बी कवा बाटत न्हाई." त्या खाली बसल्या आणि टाक मांडीवर घेऊन रडू लागल्या. "ठिवून दगडापाशी परत ग्येले आन मग हंबरडा फुटला. कुनाला सांगितलंच न्हाई मी. सांगायला सुचलंच न्हाई. पोरी, दिशा, माझ्यामुळं गं..."

दिशानं त्यांना जवळ घेतलं. अनिकेत पुढे आला, तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. मग ती उठली आणि सरळ रेश्मासमोर आली.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला अजून ते दिसतं? मी, फडकं, टाक?"

रेश्माला खोटं बोलता आलं असतं. "दिसतं," ती म्हणाली.

"आणि खरं काय दिसलं होतं? त्या सकाळी मी पडदा ओढत होते. हात वर होता माझा. तुम्ही दारात होतात ना? तेवढं सांगा. माझ्यासाठी कुणीतरी बघितलेलं असू दे."

रेश्मानं शोधलं. खुंटीवरचं स्वेटर सापडलं. गार फरशी सापडली. हैबतकाकांच्या घराकडून येणारा रडण्याचा आवाज सापडला. तिनं समोरच्या भिंतीकडे नजर नेली, आणि तिथं चंद्रकोर लावून, समईच्या उजेडात, दिशा तिच्याकडे बघून हसत होती.

"पाठ दिसली असणार," ती म्हणाली.

"असणार नको. दिसली का?"

"नाही आठवत, दिशा. खरंच नाही आठवत."

दिशानं मान हलवली. शर्वीला उचलून रेश्माच्या कडेवर दिलं, बॅग घेतली आणि गाडीत जाऊन बसली. "काही दिवस राहून येते," एवढंच ती अनिकेतला म्हणाली. निरंजननं गाडी सुरू केली. रेश्मा धावत काचेपाशी पोहोचली. शर्वी रडत होती, तिला तिनं घट्ट धरलं.

दिशानं काच खाली केली.

"आठवलं तर फोन करा, ताई."

गाडी हलली, दोन पावलं गेली आणि पुन्हा थांबली.

"नाही आठवलं तरी करा."